माझं पाणी पिऊ नका

मित्रांनो, माझा दांडा दाबलात तर आधी करकर ऐकू येईल, मग पाणी येईल. मी आता थकलो आहे. सेनगाव तालुक्यातल्या एका लहान गावात, बौद्ध वस्तीच्या तोंडाशी मी उभा आहे. मी हापसा.

घडलो कारखान्यात, पण मला इथे आणलं द्वारकाबाईंनी. त्याआधी वस्तीतल्या बायका घागरी घेऊन गावविहिरीपासून लांब उभ्या राहत. कोणाला दया आली तर तो वरून ओतायचा. द्वारकाबाई जीपला लोंबकळत सेनगावला जायच्या, साहेबाच्या दारात बसायच्या. शेवटी बोअर पडलं. पहिला दांडा त्यांनीच मारला. "आता कोणाची वाट बघायची न्हाई," म्हणाल्या. एका उन्हाळ्यात विहीर आटली, तेव्हा सगळा गाव माझ्याकडे आला. ते माझे चांगले दिवस.

द्वारकाबाई गेल्या. पुढे वस्तीत धरणाच्या पाण्याचा नळही आला, पण पिण्याला सगळे सवयीनं माझंच पाणी नेत. त्यांचे मालक नरसिंगआबा अजून येतात. पूर्वी आबा दांडा मारायचे, बाई घागर धरायच्या. आता ते घागर खाली ठेवतात. ती कलंडते. ते दांडा सोडून पुन्हा सरळ करतात.

त्यांची नात आकांक्षा. तिच्या दातांवर तपकिरी डाग आहेत. हसताना ती ओढणी तोंडावर धरते. आई म्हणायची, "घासत न्हाईस नीट." ती बिचारी हिरड्या सोलेपर्यंत घासायची.

मग पल्लवीताई आली. विद्यापीठात नुकतंच संशोधन सुरू केलेली मुलगी. माझं पाणी बाटलीत भरून नेलं, आणि काही दिवसांनी समोरच्या शाळेत पडदा लावून सभा घेतली. बायका निंदणीला गेल्या होत्या. आलेले सारे पुरुष, अख्ख्या गावातले. पडद्यावर माझा फोटो आला आणि माईकवरून आवाज आला, "वस्तीच्या हापशाचं पाणी पिण्यालायक नाही."

मागून कोणी हसलं, "आमी तर कवाचं म्हणून राहिलो!"

नरसिंगआबा उठले. "आमच्या पाण्याचा बाट अजून गेला न्हाई व्हय, बाई? हे पाणी माह्या कारभारणीनं आणलं. मरेतोर हेच पिणार."

त्याच संध्याकाळी त्यांनी धाकट्या नातवाला, सुरजला, कडेवर आणलं आणि सगळ्यांदेखत ओंजळीनं पाजलं. मला माझी धार अडवता आली नाही.

पल्लवीताई माझ्या ओट्यावर बसून राहिली. फोनवर तिच्या सरांना म्हणाली, "काय सांगायचं ते ठरवलं होतं, सर. कोणाला, कुठं आणि कोणासमोर, ते ठरवलंच नव्हतं. मला इथं परत यायचंय."

पुढच्या आठवड्यात सकाळीच आली, बायका पाण्याला जमतात तेव्हा. पडदा नाही, माईक नाही. तिनं दांडा धरला, तर थेंब येईना.

"काहून वो मॅडम, हापसायचं शिकवत न्हाईत का तुमच्या कालेजात?" आकांक्षाची आई म्हणाली. सगळ्या हसल्या. तीही हसली. मग विचारत गेली. दात कोणाकोणाचे असे आहेत? गुडघे कोणाचे धरतात? बायका बोलत गेल्या. शेवटी घागर घेऊन आलेल्या आबांना म्हणाली, "हापसा कसा आला, सांगता?" आबांनी सगळं सांगितलं. ती मध्ये एकदाही बोलली नाही.

मग तिनं दोन पेले ठेवले. एकात माझं पाणी, एकात नळाचं. आकांक्षाच्या हातून दोन्हींत गुलाबी औषध टाकलं. नळाचं गुलाबीच राहिलं. माझं पिवळं पडलं.

"आबा, पिवळं पडलं ते फ्लोराईडमुळं. खालच्या खडकात ते आहे. ते पाण्यात उतरतं. त्याला रंग नाही, चव नाही. त्यानंच दातांवर डाग पडतात, गुडघे धरतात. आजींनी पाणी मागितलं ते बरोबरच केलं. तपासायचं काम बोअर पाडणाऱ्यांचं होतं. आणि हे मी गावासमोर आधी बोलायला नको होतं. माझं चुकलं."

"उकळलं तर?" आकांक्षाच्या आईनं विचारलं.

"उकळून जात नाही. पिण्याला, स्वयंपाकाला नळाचंच घ्या. हिचे डाग घासून जायचे नाहीत, तिला रागावू नका. पण सुरजचे पक्के दात अजून हिरडीत बनतायत."

आबा घागरीजवळ गेले. भरलेली घागर त्यांनी उचलली आणि हळूहळू मोरीत ओतली.

"तिला कळलं असतं ना पोरी," ते म्हणाले, "तर पहिली घागर तिनंच उपडी केली असती."

मग विचारलं, "भांड्याकुंड्याला चालंल का?"

"चालेल, आबा."

आता माझ्याकडे गर्दी नसते. राग नाही. मित्रांनो, कोणाला खरं सांगायला जाल तेव्हा आधी त्याच्या ओट्यावर बसा, त्याचं ऐका. आणि माझ्यासारख्या जुन्या हापशाला अधूनमधून तेल घाला, भांड्यांपुरतं का होईना. सुरज मोठा होईल तेव्हा मला इथे असायचं आहे. तो तोंड न झाकता हसतो का, तेवढं बघायचं आहे.