माझ्या मानेतली सैल तार

मित्रांनो, माझ्या मानेत एक तार सैल आहे. बोलता बोलता माझा आवाज तुटतो, म्हणून आधीच क्षमा मागतो. मी एक जुना माईक आहे. सध्या मुक्काम उदगीरच्या एका छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्रात.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. पण मला बोलायला शिकवलं ते मडिवाळप्पांनी. अप्पा शिवकीर्तन करायचे. लातूरच्या दुकानातून त्यांनी मला कापडात गुंडाळून, मांडीवर घेऊन आणलं. मग औसा, नायगाव, जिथे बोलावणं येईल तिथे आम्ही दोघे. अप्पांच्या तोंडून शिवनाम निघालं की ते आधी माझ्यातून जायचं आणि मग लोकांपर्यंत. एवढं भाग्य किती वस्तूंच्या वाट्याला येतं? उतारवयात त्यांना धाप लागायची, माझीही तार तेव्हाच सैल झाली. पण कीर्तन कधी अडलं नाही. अप्पांचा श्वास संपला की मागचे टाळकरी ध्रुपद उचलून धरायचे. एकाचं अर्धवट राहिलेलं दुसरा पुरं करायचा.

पुढे कानाला अडकवायचे माईक आले आणि मी माळ्यावर गेलो. धूळ, कोळिष्टकं, अंधार. अप्पाही खाटेला खिळले.

मला खाली उतरवलं त्यांच्या लेकीनं, मंजुश्रीनं. ती यंत्रदुरुस्ती शिकलेली. तिची मैत्रीण वर्षाराणी बोलण्यात पटाईत, शिवाय लहानपणी अप्पांच्या मागे टाळ धरलेली. कामाच्या जागी नवनवी यंत्रं येतात, ती नीट समजावून सांगणारं कुणी नसतं. म्हणून दोघींनी रेडिओवर कार्यक्रम काढायचं ठरवलं. नाव ठेवलं ‘कामाची कळ’. केंद्राकडे जास्तीचा माईक नव्हता.

"मंजे, हे म्हातारं मधेच गप बसलं तर?" वर्षाराणी म्हणाली.

"तू हायस की बोलायला. तुला कुठं गप बसता येतंय?"

पहिलाच कार्यक्रम, तोही थेट. विषय डाळमिलमधलं डाळ निवडायचं नवं यंत्र. मंजुश्री सांगत होती, "यंत्राच्या तोंडाशी काचेचा डोळा असतो. हात आत गेला की डोळ्याला दिसतो आणि यंत्र आपोआप थांबतं." तेवढ्यात गावातल्या एका डाळमिलमधून तिथं काम करणाऱ्या रत्नम्माचा फोन आला. तिथल्या बायका भोंग्यावर आमचाच कार्यक्रम ऐकत होत्या.

"मंजुक्का, आमच्या यंत्राला बी डोळा हाय. खंडेनवमीला पूजा केली, डोळ्यावर विभूतीची तीन बोटं ओढली. तवापासून सारखं थांबायचं. मग आमच्या मिलच्या शिवकुमारनं मागं एक वायर जोडली. आता लई झकास चालतंय, रुसत न्हाई."

मंजुश्री वायरीबद्दल विचारायला पुढे झुकली.

"थांबा हं," रत्नम्मा म्हणाली, "डाळ अडकली जणू. उमाबाई हात घालून काढाय लागलीय. डोळा हाय की, थांबंल आपोआप."

फोन ठेवला गेला.

"वर्षे, राखेनं डोळा झाकला म्हणून ते थांबत होतं, आन् त्या वायरीनं त्यानं डोळाच बाद केलाय! ते यंत्र थांबणार न्हाई!"

वर्षाराणीनं फोन लावला. वाजत राहिला. मंजुश्री माझ्याकडे वळून ओरडली, "उमाबाई, हात काढा! लाल बटन दाबा!" आणि मित्रांनो, नेमकी तेव्हाच माझी तार सुटली. बाहेर गेलं ते फक्त "उमा... खर्रर्र... टन..."

मी जीव एकवटला. पण तुटक्या तारेला जीव कुठून यावा?

वर्षाराणीनं फोन टाकला, माझी मान मुठीत पिळून धरली आणि मंजुश्रीचं वाक्य मागून उचललं, टाळकऱ्यानं ध्रुपद उचलावं तसं. "हात काढा, लाल बटन!" लगेच मंजुश्री, "हात काढा, लाल बटन!" मग ही, मग ती. एकीचं अक्षर माझ्या घशात अडकलं की तेच दुसरीच्या पाळीला सुटायचं. दोघी घामानं भिजल्या, पण थांबल्या नाहीत.

फोन वाजला.

"बंद केलं," रत्नम्मा म्हणाली. "नुसतं खर्रखर्र यायचं, मग ‘लाल’ कळलं, मग ‘बटन’. मीच दाबलं. उमाबाईच्या बांगड्या गेल्या आत. हात हाय, बाई. हात हाय."

मंजुश्रीनं माझ्यावर कपाळ टेकवलं. 

मंजुश्रीनं मिलमध्ये जाऊन डोळा पुसला, वायर काढली. शिवकुमार मान खाली घालून शेजारी उभा राहून शिकला. मग एके दिवशी उमाबाई केंद्रात आली. चिमटीत विभूती. माझ्या जाळीकडे बोट नेलं आणि वर्षाराणी किंचाळली, "अगं बाई, तोंडावर नगं!"

उमाबाई हसली. तिनं बोट वळवलं आणि माझ्या दांड्यावर तीन रेघा ओढल्या.

मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा. आमच्या अप्पांनीही माझी केली. पण यंत्र अडलं तर का अडलं ते आधी विचारा. कधीकधी ते तुमचा हात वाचवायलाच थांबलेलं असतं. आणि घरात एखादा जुना माईक असेल, तर त्याच्या मानेतली तार एकदा बघून घ्या. माझी मंजुश्री आजच जोडणार आहे.