निवडलेलं दगडफूल

वेंकटेशअप्पांच्या दगडफुलात सालीचा कपटा सापडला, असं सांगणारं गिऱ्हाईक हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात अजून जन्माला यायचं होतं. असा चोख दुकानदार, आणि त्याच्याच घरात, सुनेच्या टेबलावर असल्या पुड्या! वेदश्री धारवाडला संशोधन करायची. दर रविवारी अळणावरकडची झाडं धुंडाळून आणायची काय, तर दगडफुलाचीच कुठलीशी जात, तीही सालीसकट, धुळीसकट. अप्पांचा जीव कळवळला.

एका दुपारी ते चष्मा लावून बसले. साल सोडवली, माती फुंकली, चुरगळलेले कागद केरात टाकले आणि सगळं मिळून एकच झकास पुडी बांधली.

संध्याकाळी ती पुडी पाहून वेदश्री मटकन खालीच बसली.

"अप्पा, कुठलं कुठल्या झाडावरचं, ते त्या कागदांवर होतं हो! कॉलेजच्या संग्रहात या जातीची आपल्या भागातली एकच जुनी नोंद आहे. ह्या नव्या नोंदी व्हायच्या होत्या. आता हे नुसतं मसाल्याचं दगडफूल झालं."

"केरात बघू की!"

"घंटागाडी गेली केव्हाच. आणि कागद मिळाले, तरी कुठलं कशातलं ते कसं ओळखायचं?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती रडली. मुलगी नसलेल्या घरात आलेली ही पोर अप्पांना दुकानाहून लाडकी.

रविवारी ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी दुकानाला कुलूप लागलं.

"चल, अळणावरला."

"अप्पा, तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे, चूकपण माझीच. तू झाडं दाखव."

वेदश्रीने प्रत्येक झाडावर थोडं राखून ठेवलं होतं, म्हणून निभावलं. ती सालीसकट तुकडा काढायची, जागा लिहायची. पुड्या बांधायच्या अप्पांनी. एवढं धुळकट काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

परत हुबळीत उतरून ऑटोत बसले, तेव्हा पुड्या त्यांच्या मांडीवरच होत्या. खड्डा आला तसे ते ड्रायव्हरवर खेकसले, "निधान होगप्पा, सावकाश!"

तरी एक सालीचा कण धोतरावर पडलाच. अप्पांनी तो झटकला नाही. चिमटीत धरून सुनेपुढे केला.

"वेदा, हा कुठल्या पुडीतला गं?"