दिवा नसताना

धाकट्याने डोळे तपासायचं वर्षभर टाळलं होतं. थोरल्याची नजर काचबिंदूने गेली, तेव्हा सख्ख्या भावाने तपासून घ्यायलाच हवं, असं डॉक्टरीणबाई प्रत्येक खेपेला बजावत. पण शिवणाच्या दुकानात कात्री आता धाकट्याच्या हातात होती. गिऱ्हाइकांच्या कानावर गेलं तर, या विचारानेच त्याला घाम फुटे. वर चारचौघांत तो सांगून मोकळा झाला होता, की दादाने हलगर्जीपणा केला, वेळेवर गेला असता तर डोळे वाचले असते.

शेवटी थोरल्यानेच त्याचा दंड धरला. रस्ता धाकटा दाखवत होता, पण नेत होता थोरला.

अंधाऱ्या खोलीत एक डोळा झाकून, हनुवटी टेकवून त्याला एका पांढऱ्या घुमटापुढे बसवलं. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, कडेला बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. सुरुवातीला जमलं. मग बराच वेळ काहीच दिसेना. तो अंदाजाने बटण दाबत सुटला. शाळेत पाढे म्हणताना नुसते ओठ हलवायचा, तसं.

तपासणाऱ्या मुलीने कागद बघितला. "काका, दिवा नसतानाही तुम्ही बटण दाबलंय. मशीन मधूनमधून मुद्दाम काहीच दाखवत नाही."

त्याचे कान तापले. दाराशीच बाकावर दादा बसला होता.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी दुसरी तपासणी सांगितली. खालच्या पापणीत केसासारखी तार, समोर पडद्यावर सारखे अदलाबदल होणारे काळे-पांढरे चौकोन. इथे दाबायचं काही नव्हतं. डोळ्यातून निघणारे विजेचे बारीक संकेत मशीन परस्पर टिपून घेत होतं आणि तो पकडलेल्या चोरासारखा बसून होता. उजव्या डोळ्याचे संकेत क्षीण निघाले. मग पहिली तपासणी पुन्हा झाली, या खेपेला खरीखुरी, आणि कागदावरच्या नकाशात उजव्या डोळ्याच्या नाकाकडच्या बाजूला एक फिकट डाग उमटला. सुरुवातच आहे, रोज थेंब घातले आणि तपासत राहिलात तर नजर टिकवता येईल, असं बाई म्हणाल्या. गेलेली परत येत नाही, हेही सांगितलं.

बाहेर थोरल्याने विचारलं, "काय म्हणाल्या?"

'सगळं ठीक आहे' हे शब्द अगदी जिभेवर आले होते. "उजव्यात आहे, दादा. आणि मी बटण खोटं दाबत होतो."

"ऐकलं."

"तुझ्याबद्दलही लोकांना नाही नाही ते सांगितलंय मी."

"तेही ऐकलंय. डोळे गेलेत, कान नाही गेले." थोरला हसला नाही, रागावलाही नाही. "थेंबांची चिठ्ठी घेतलीस ना?"

धाकट्याने नुसती मान हलवली, मग ती दादाला दिसायची नाही हे लक्षात येऊन कसाबसा "हो" म्हणाला. ज्याला दिसत नव्हतं त्याच्याकडे वर बघायची त्याची छाती होईना. औषधाच्या दुकानापर्यंत दोघे हात धरून गेले. दुकानापाशी धाकटा म्हणाला, "पायरी आहे."