गाळणी

फाल्कच्या टाकीतला नर नळीमासा चौथ्यांदा गाभण होता. बोटभर लांब, काडीसारखा, तोंड नळीचं. पोटाखाली पिशवी, पिशवीत मादीने टाकलेली अंडी. या जातीत पोरं नरच वागवतो. आधीच्या तिन्ही वेळा पिल्लं निघाली आणि उपाशी मेली. मेलेलं खात नाहीत ना. हलणारं हवं, तेही धुळीएवढं बारीक.

अशी जिवंत धूळ झ्विकाऊ गावात एकाच तळ्यात मिळायची, आणि ते तळं होतं म्हाताऱ्या एकेहार्टच्या नावावर. मासे पाळणाऱ्यांच्या मंडळाचा कायदा साधा: तळं ज्याचं, जाळी त्याची. मागायला जायची सोय नव्हती. गेल्या प्रदर्शनात फाल्कने सगळ्यांदेखत त्याच्या माशांना रोगट म्हटलं होतं.

रविवारी सकाळी नराची पिशवी उकलायला लागली. फाल्कने बादली, जाळी, गाळणी उचलली आणि सायकल हाणली.

बादली अर्धी भरली आणि पाठीत काठी बसली.

"चोरा! माझ्या तळ्यात?"

"एकेहार्ट, ऐक, पिल्लं निघतायत..."

"निघू देत की! रोगट नाहीत ना?"

दुसरी काठी कानावर आली. फाल्क इमारतींना परांची बांधणारा गडी, हात लोखंडासारखे. त्याने काठी हिसकली आणि एकेहार्टच्या तोंडावर मूठ हाणली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. मुठीतही काहीतरी कडकन तुटलं. दोघं चिखलात पडले. म्हाताऱ्याने त्याच्या दंडाचा लचका तोडला. फाल्कने त्याचं डोकं धरून पाण्यात दाबलं. बुडबुडे आले. मग कमी झाले. मग फारच कमी झाले, तेव्हा कुठे फाल्कला आपण काय करतोय ते दिसलं.

त्याने त्याला ओढून काठावर फेकलं. म्हातारा खोकला, पाणी ओकला.

"मर," फाल्क म्हणाला, आणि बादली घेऊन पळाला.

घरी पिल्लं निघाली होती. तीसेक. केसाएवढी. त्याने बादलीतलं थोडं पाणी तसंच टाकीत ओतलं. धूळ पसरली, पिल्लांची तोंडं टकटक करायला लागली. खातायत! दंडातून रक्त गळत होतं आणि फाल्क हसत होता.

दुपारी बेल वाजली. दारात एकेहार्ट, नाकात कापसाचे बोळे. फाल्क काही बोलणार तेवढ्यात त्याच्या ओठावर ठोसा बसला. दात हलला.

"हा नाकाचा," एकेहार्ट म्हणाला. मग खिशातून गाळणी काढली. "काठावर टाकून आलास, गाढवा. न गाळता ओतलंस?"

दोघं टाकीकडे धावले.

पाणभुंग्याची अळी. बोटभरही नाही, पण जबडा विळ्यासारखा. बहुतेक पिल्लं फस्त करून आता नराच्या पोटात जबडा रुतवून ती त्याला शोषत होती. नर शेपटी झाडायचा, थांबायचा, पुन्हा झाडायचा. फाल्कने बरा हात आत घातला. अळीने जबडा सोडला आणि त्याच्या बोटात घुसवला. त्याने तिला तशीच बाहेर काढली आणि टेबलावर ठेचली, तिचा लगदा होईपर्यंत ठेचली.

नर तळाशी पडला. पुन्हा हलला नाही.

एकेहार्टने चष्मा पुसला, काचेला मोडकं नाक लावलं.

"किती उरली?"

"सहा."

"तीन माझी."

"काय?"

"तीन. निम्मी."

"चल चालता हो, म्हाताऱ्या! हाडं मोडीन उरलेली."

"मोड. आणि उद्याची धूळ कुठनं आणशील? परवाची?"

फाल्कने मूठ आवळायला बघितली. सुजलेली बोटं मिटेनात. टाकीत सहा केस तोंड टकटक करत होते, आणि पाण्यातली धूळ विरळ होत चालली होती.

"गाळणी दे इकडे," तो म्हणाला.

"मी धरतो. तू बादलीत उरलंय ते ओत," एकेहार्ट म्हणाला. "हळू ओत, हलकटा."