जमनीने तार पारखली

कापूस वेचून जमनीची बोटं चिरलेली, त्यात बास गिटारच्या पोलादी तारा म्हणजे जखमेवर कानस! पण होळी आठ दिवसांवर आली होती आणि तांड्याच्या ऑर्केस्ट्रात बास वाजवणारी ती एकटीच. म्हणून ती गिटार पाठीला लावून नेरहून एसटीने यवतमाळला गेली आणि थेट वाद्यांच्या दुकानात शिरली.

"मावशी, निवडा," म्हणत दुकानदाराने तारांची चार पाकिटं मांडली. तशी जमनीच्या अंगात कापसाचा व्यापारीच संचारला. तीस वर्षं तो तिचा कापूस चिमटीत ओढून नाक मुरडत आला होता. आज चिमूट तिची होती.

"हे खरखरते," तिने पहिली तार बाजूला सारली. "हे बोट कापते," दुसरीही गेली. तिसरी तर तिने चक्क दाताखाली धरली.

"अवो मावशी, तार कोनी चावून पाह्यते काय?"

"मंग व्यापारी माही सरकी कायले चावून पाह्यते?"

चौथी तार काळी, वरून नायलॉनची गुळगुळीत पट्टी गुंडाळलेली. बोट तिच्यावरून अलगद घसरलं, जरासुद्धा दुखलं नाही. दुकानदाराने त्या पाकिटातल्या चारही तारा चढवून गिटार स्पीकरला जोडली. जमनीने छेडली. घूंऽऽम! कपाटाच्या काचा थरथरल्या, पोटात गुदगुल्या झाल्या.

पण माल आवडला की व्यापारी तोंड आणखी वाकडं करतो, हे तिला पाठ होतं.

"पसंत हाय ना?" दुकानदाराने विचारलं.

"ठीकठाक हाय," जमनी तोंड वाकडं ठेवून म्हणाली. पाय मात्र तिचे केव्हाचेच नाचायला लागले होते.