नवं लुगडं

देवपूरच्या एका कॉलेजात ‘आपली माती, आपली बोली’ नावाचा कार्यक्रम होता. त्यासाठी ज्योत्स्नाने आपल्या आईला, दिवालीबाईला, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाहून बोलावून घेतलं होतं. मोहाची फुलं कशी वेचतात, हे तिनं स्टेजवर स्वतःच्या अहिराणी बोलीत सांगायचं होतं. लेकीच्या कॉलेजात जायचं म्हणून दिवालीबाई नवं जांभळं लुगडं नेसून, चष्मा लख्ख पुसून आली होती.

स्टेजमागच्या खोलीत हिलाल सरांनी तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. कार्यक्रम त्यांचाच. ज्योत्स्ना तिथं तासिकेवर शिकवायची. जूनमध्ये तिला पुन्हा घ्यायचं की नाही, हेही त्यांच्याच शब्दावर.

“अक्का, अशा नको. गावाकडच्या वाटतच नाही तुम्ही,” म्हणत त्यांनी नाटकाच्या सामानातली पिशवी ज्योत्स्नाच्या हातात कोंबली. “हे नेसवा. चष्मा काढा, चपला काढा. डोक्यावर मोळी देऊ.”

पिशवीतून ठिगळांचं लुगडं निघालं. बुरशी, शिळा घाम आणि कुणाच्या तरी मानेवरची पावडर यांचा भपकारा आला. काठाला शेवभाजीची तर्री वाळून चिकटली होती. ज्योत्स्नाने पिशवी लांब धरली.

“हाई कोनं लुगडं शे?” दिवालीबाईने विचारलं.

“नाटकातलं, माय.”

दिवालीबाईने ते दोन बोटांत धरलं आणि सोडून दिलं. “आमनाकडे मरेल बाईलेबी नवं लुगडं नेसाडतस.”

हिलाल सरांनी टाळी वाजवली. “वा! मेलेल्या बाईलाही नवं लुगडं! हेच, अस्संच स्टेजवर बोला! लोक हसून लोळतील.”

हसताना त्यांच्या दातांत अडकलेली सुपारी दिसली. ‘अहिराणी आमची माय’ म्हणताना हाच माणूस मघाशी माइकवर गहिवरला होता. स्वतःच्या आईशी फोनवर तीच बोली बोलताना मात्र केबिनचं दार लावून घ्यायचा.

दिवालीबाईने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चष्मा काढला, चपलेतून एक पाय बाहेर घेतला. “आण ते. तुनी नोकरी शे.”

ज्योत्स्नाला आता आपल्याच गप्प राहण्याची किळस आली. तिने चष्मा आईच्या नाकावर परत बसवला. लुगडं पिशवीत कोंबून पिशवी सरांच्या भाषणाच्या कागदांवर ठेवली.

“सर, मनी माय जशी शे तशीच जाई. नहीतं आम्ही घर चालनूत.”

सरांचं तोंड आंबलं. “मॅडम, नीट बोला. कॉलेज आहे हे. आणि जूनमध्ये अर्ज करायची तसदी घेऊ नका.”

दोघी बाहेर आल्या. आत मोळी दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर चढली असावी. सभागृह खदखदून हसलं. ज्योत्स्ना नळाखाली हात घासत राहिली. वास जाईना.

दिवालीबाईने हात पुसायला पदर पुढे केला. ज्योत्स्नाने हात मागे ओढले.

“नको माय,” ती म्हणाली. “नवं शे.”