रोजच्यासारखी बाहुली

फोन वाजला तेव्हा तिच्या तोंडात दोरा होता आणि मांडीवर नुकतीच झोपलेली लेक.

"ताई, तुमच्या बाहुलीचे डोळे निघाले," प्रयोगशाळेतली बाई म्हणाली.

"निघाले म्हणजे?"

"यंत्रानं ओढले, निघाले. कापड पास, रंग पास, शिलाई पास. डोळे नापास. असा मणी बाळाच्या घशात गेला तर?"

तिनं तोंडातला दोरा काढला. "अहो, आमच्या बाहुल्यांना मणी नसतातच! डोळे आम्ही धाग्यानं भरतो. मणी फक्त तुमच्यासाठी लावले होते."

पलीकडून हसू दाबल्याचा आवाज आला. "आमचं यंत्र बघत नाही हो, नुसतं ओढतं. नवा नमुना पाठवा, विकता तसाच. फी मात्र पुन्हा भरावी लागेल."

म्हणजे शिलाई मशीनला मोटर बसवायचं पुन्हा पुढच्या वर्षावर गेलं.

सासू-सुना दोघी मिळून घरीच कापडी बाहुल्या शिवायच्या आणि कोपऱ्यावरचा दुकानदार त्या विकायचा. मग नियम आला: तपासणीचा दाखला नसेल तर बाहुली फळीवर दिसता कामा नये. कारखान्याच्या ट्रकभर बाहुल्यांना जेवढी फी, तेवढीच यांच्या टोपलीभर बाहुल्यांना. "हत्तीचं माप मुंगीला!" सासूबाई चरफडल्या होत्या. पण नमुना पाठवायच्या दिवशी त्यांनीच आपली जुनी माळ तोडून दोन काळे मणी काढले. "परक्यांकडे जातेय, चार माणसं बघणार. डोळे कसे पाणीदार हवेत." सुनेनं बघितलं. छानच दिसत होती. तिनं वर स्वतःच्या हातानं रेशमी फीत बांधली. दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही, की तपासायचं ते रोजचंच.

तिनं दुकानदाराला फोन केला. "वहिनी, महिनाअखेरपर्यंत फळीवरची तुमची जागा अडवून ठेवतो," तो म्हणाला. "त्यानंतर माझ्या हातात काही नाही. कारखानावाले टपूनच बसलेत."

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. "काय म्हणतात? आवडली का?"

"सगळं आवडलं, आई. डोळे तेवढे साधे हवेत म्हणे."

सासूबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "माझ्या मण्यांनीच घात केला ना?"

"फीत मीच बांधली होती की."

"फितीनं कोणाचा घसा अडत नाही." त्या खाली बसल्या. झोपलेल्या नातीच्या उघड्या तोंडाकडे त्यांचं लक्ष गेलं. "आण ती सुई," म्हणाल्या.

दुपारभर त्यांनी नव्या बाहुलीचे डोळे धाग्यानं भरले. चष्मा घसरत होता, बोटं आखडत होती. नेहमीप्रमाणे डावा डोळा जरा खाली गेला.

"उसवू का गं? तिरळी दिसतेय मेली."

सुनेचा हातही कात्रीकडे गेलाच होता. तिनं तो मागे घेतला. "नको, आई. रोज जातो तेवढा जाऊ दे."

"ही तरी परत येईल का?"

"नाही. फाडूनच बघतात."

सासूबाईंनी गाठ मारली, नखानं डोळा ओढून पाहिला आणि बाहुली सुनेपुढे धरली. "तूही ओढ. चांगला जोर लावून ओढ, माझी भीड धरू नकोस."

तिनं ओढला. बाहुलीचं सगळं तोंड वेडंवाकडं झालं, डोळा होता तिथंच राहिला.

"आता दुसरा," सासूबाई म्हणाल्या.